मधल्या घरात अडकलेली दांडी

गाडीची चावी हातात पडली त्या दिवशी नर्सताईंना ताप भरला. थर्मामीटर त्यांनी स्वतःच लावला, स्वतःच वाचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, शंभर आहे."

नवरा शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "शंभर? तो गाडीचा वेग असेल. नीट बघ."

ताईंना हसू आलं नाही. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. सकाळी ताप उतरला होता, पण चावी तशीच खुंटीला लटकत होती.

ताई भित्र्या आहेत हे दगडखाणीवर सगळ्यांना ठाऊक होतं. रक्ताला त्या भीत नसत. दगडाखाली चेंगरलेलं बोट त्या भाजी धुवावी तितक्या निवांतपणे धुवायच्या. पण कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या, लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवायच्या नाहीत, आणि उतार दिसला की कडेची झुडपं धरत धरत उतरायच्या. त्यांचे वडील लॉरीवर क्लीनर होते. लहानपणी एकदा वडिलांनी त्यांना लॉरीत बसवलं आणि ते चहा प्यायला गेले. हँडब्रेक सुटला. लॉरी आपली हळूहळू, कुणाला काही न सांगता, मागे निघाली आणि वाळूच्या ढिगात जाऊन टेकली. झालं काहीच नाही. वडील हसले, हॉटेलवाला हसला. ताई मात्र नंतर कितीतरी दिवस झोपेत पलंगाची कड धरून असायच्या.

दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी होता. दोन खोल्या, एक व्हरांडा, औषधांचं लोखंडी कपाट आणि तपासायचं टेबल. टेबलावरची गादी फाटली तेव्हा ताईंच्या नवऱ्याने तिला घरून कव्हर शिवून आणलं होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा शहरातून यायचे. बाकीचे दिवस ताईच डॉक्टर आणि ताईच कंपाउंडर. खाण वर, आणि कामगारांची वस्ती तिच्याही वर. वस्तीवरून खाली यायला एकच रस्ता होता, मुरमाचा आणि वळणावळणाचा. मध्ये एक उतार असा होता की तिथे ट्रकवाल्यांच्याही गप्पा थांबायच्या.

त्या रस्त्यावर दवाखान्याची गाडी वर्षानुवर्षं ड्रायव्हरकाका चालवत आले होते. मग साखरेने त्यांचे डोळे नेले. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि एक दिवस त्यांनी दवाखान्याचाच खांब ठोकला. खाणीच्या मॅनेजरने ताईंना बोलावून घेतलं.

"नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच चालवा ताई. ट्रकवाले दिवसभर फेऱ्यांवर असतात. लायसन्स आहे ना तुमचं?"

होतं. लग्नानंतर नवऱ्याच्या हट्टापायी काढलेलं, आणि तेव्हापासून बटणांच्या डब्याखाली पडून असलेलं.

"साहेब, मला नाही जमणार. फोर-व्हील-ड्राइव्ह आहे ती. धूड आहे."

"अहो, ऑटोमॅटिक आहे! क्लच नाही, गियर नाही. नुसतं बसायचं आणि जायचं. लहान मूल चालवेल."

ताई नाही म्हणून परतल्या. त्याच आठवड्यात वस्तीवर एका बाईचं मांडीचं हाड मोडलं. गाडी दारात उभी, पण चालवायला कुणी नाही. चौघांनी बाईला खुर्चीत बसवून खाली आणलं. त्या मोठ्या उतारावर एकाचा पाय सरकला आणि खुर्ची कलंडली. बाई पुढे बरी झाली, पण तिची ती किंकाळी ताईंच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून जाऊन चावी मागून घेतली. आणि मग तो ताप भरला.

शिकवायला ड्रायव्हरकाकाच बसले. त्यांना समोरचं धूसर दिसायचं, पण इंजिनाचा आवाज ते असा ऐकायचे, जणू शेजारच्या खोलीत कुणी आपलंच माणूस बोलतंय.

"डावा पाय विसरून जा पोरी," काका म्हणाले. "सीटखाली घे. त्याला काही काम नाही."

ताईंनी डावा पाय विसरायचा प्रयत्न केला. पण पाय त्यांना विसरायला तयार नव्हता. पहिल्याच फेरीत तो क्लच समजून ब्रेकवर पडला आणि काकांचं कपाळ पुढच्या काचेला लागलं. कपाळ चोळत काका म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत एवढं तर कळलं."

ताईंना सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती गाडीच्या आपोआप सरकण्याची. मोठी दांडी 'डी'वर घेतली आणि ब्रेकवरचा पाय जरा हलका केला की गाडी निघायचीच. ॲक्सिलेटरला स्पर्शही नाही, तरी निघायची.

"काका, ही कुणाचं ऐकून निघते हो?"

"तिचा स्वभावच तो. म्हणून पाय ब्रेकवर. दांडी हलवायची ती पाय ब्रेकवर ठेवूनच. इंजिन ओरडत असताना दांडी कधी टाकू नको. आणि गाडी पुढे जात असताना 'आर' नाही म्हणजे नाही."

मोठ्या दांडीशेजारी एक छोटी दांडी होती. सरळ रस्त्याला दोन चाकांवर चालायचं, मुरमावर चारही चाकांवर, आणि मोठ्या उताराला 'फोर-एल', म्हणजे चारही चाकं आणि सगळ्यात सावकाश चाल. ती घेताना गाडी पुरती उभी करायची, मोठी दांडी 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला, ठेवायची आणि छोटी जोर लावून ओढायची.

"कधी कधी अडते ती," काका म्हणाले. "मग मोठी दांडी एकदा 'डी'ला नेऊन परत 'एन'ला आणायची. आतले दात जुळतात. आणि गाडी सोडून उतरताना 'पी'. 'पी' म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा. इकडची तिकडे होणार नाही."

त्या एका वाक्यावर ताईंनी सगळा भरवसा टाकला. बाकी सगळं निसटतं असलं तरी 'पी' पक्कं होतं. गाडी थांबली की त्या घाईने 'पी'वर यायच्या आणि मगच श्वास सोडायच्या. हँडब्रेक ओढायचं त्यांच्या कधी लक्षात राहायचं, कधी नाही. खुंटा असताना वर दोरी कशाला, असं त्यांना वाटायचं.

महिनाभरात त्या वस्तीपर्यंत जाऊन यायला लागल्या. प्रत्येक फेरीला हात घामाने ओले, आणि खाली आल्यावर मानेला असा ताठा की नवऱ्याने तेल लावून चोळून द्यावं. खाणीवरच्या लोकांना चांगलीच करमणूक मिळाली. त्यात पुढे मुकादम. सुरुंगाच्या टोळीवरचा हा माणूस अंगाने दांडगा आणि आवाजाने त्याहून दांडगा. ताईंची गाडी दिसली की तो टोळीला ओरडून सांगायचा, "बाजूला व्हा रे! गाडी घाबरलीय, तिला वाट द्या!"

त्याच मुकादमाच्या छातीत एका दुपारी कळ आली.

निरोप आला तेव्हा ताई डब्याचं झाकण उघडत होत्या. डबा तसाच टाकून, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मागच्या सीटपाशी बांधून त्या वर गेल्या. मुकादम घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. चेहरा सिमेंटसारखा, अंगभर गार घाम. ताईंनी गोळी जिभेखाली ठेवली, नाडी बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे बसून काही होणार नाही, शहरातलं हॉस्पिटल गाठायला हवं. शेजाऱ्यांनी त्याला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. मुकादमाची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बाई शेलाटी, काटक, आणि नवऱ्याइतकीच मोठ्या आवाजाची.

"ताई, पळवा गाडी!"

"पळवून चालत नाही बाई या रस्त्याला," ताई म्हणाल्या. त्यांनी चावी फिरवली.

मोठ्या उताराच्या तोंडाशी त्यांनी गाडी उभी केली. धूळ बसावी म्हणून टँकरने नुकतंच पाणी मारलं होतं आणि खालचा मुरूम चिखलासारखा चकाकत होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाणीचा जुना खड्डा, तळाशी हिरवं पाणी साचलेला. ताईंनी पाय ब्रेकवर ठेवला, मोठी दांडी 'एन'वर आणली आणि छोटी दांडी ओढली. ती अर्धी आली. अजून ओढणार, इतक्यात मागून किंकाळी आली.

"ताई! ह्यांचा श्वास बघा हो! ताई!"

ताईंनी मोठी दांडी खाडकन 'पी'वर टाकली आणि मागे वळल्या. गुडघा सीटवर, पाठ पुढच्या काचेकडे. मुकादमाच्या नाकातोंडावरचा मास्क सरकून गालावर आला होता. त्यांनी तो नीट बसवला, पट्टा ओढला, छातीवर हात ठेवला. श्वास होता. उथळ, पण होता.

"आहे, आहे श्वास. घाबरू नका."

आणि तेव्हा त्यांना मागच्या काचेतून दिसलं की बाभळीचं झाड वर चाललंय.

झाडं कुठे चालत नाहीत. क्षणभर त्यांना वाटलं, आपल्यालाच भोवळ येतेय. मग चाकांखाली मुरूम करकरला. गाडी चालली होती. दांडी 'पी'वर आणि गाडी चाललीय! त्या वळल्या, धडपडून सीटवर पडल्या, आणि पाय पडला तो ॲक्सिलेटरवर. इंजिन किंचाळलं. पण गाडीला त्याचं काहीच नव्हतं, ती आपल्या चालीने उतरतच राहिली, जणू इंजिन दुसऱ्याच कुणाचं होतं. त्याला त्या इतर कशाहूनही जास्त घाबरल्या. त्यांनी दांडी 'डी'वर ओढली. काही नाही. हिरवं पाणी काचेत वर येऊ लागलं.

मग पायाला ब्रेक सापडला. चाकं अडली, गाडी ओल्या मुरमावर फराटा ओढत तिरकी सरकली आणि थांबली. पुढचं एक चाक कडेच्या दगडांना टेकलं होतं. त्यापलीकडे रस्ता नव्हता.

मास्कमधून हवा जात होती, तेवढाच आवाज.

ताईंनी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. मांड्या थरथरत होत्या आणि त्यांना वाटत होतं, ही थरथर ब्रेकला कळेल आणि तो सोडून देईल. त्यांनी हँडब्रेक ओढला, खूप ओढला, आणि पाय केसभर हलका करून पाहिला. गाडी गचकन पुढे झाली. मुकादमाची बायको ओरडली. ताईंनी पुन्हा सगळा भार ब्रेकवर टाकला.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या. मोठ्याने बोलायचीही भीती वाटत होती. "मला पाय काढता येत नाही. समोर फोन आहे. त्यात काकांना लावा. ड्रायव्हरकाका."

फोन लागला. ताई एका दमात बोलल्या, "काका, गाडी 'पी'वर असून घसरली. 'डी'लाही धरत नाही. मोठ्या उतारावर आहे. पायाने धरलीय."

"'पी'त टाक."

"काका, 'पी'तच होती!"

एरवी कशालाही उत्तर असणाऱ्या काकांनी तेच पुन्हा विचारलं, "'पी'त?"

"असं होत नाही पोरी," मग काका म्हणाले. "माझ्या हातात कधी झालं नाही असं. मी... तू पाय काढू नको. मी माणसं पाठवतो." फोन तुटला.

माणसं यायची ती खाणीतून चढून. मागे मुकादम कण्हला. "आई गं," एवढंच म्हणाला तो दांडगा माणूस, लहान मुलासारखं. माणसं येईपर्यंत तो तग धरेल असं ताईंच्यातल्या नर्सला वाटेना. आणि त्यांच्या पायांचाही भरवसा नव्हता.

"तुम्ही उतरा," त्या मुकादमाच्या बायकोला म्हणाल्या. "डोंगराच्या बाजूने. मोठे दगड बघा आणि पुढच्या चाकांना खालून लावा. गाडीच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूने हात घालायचा. जमेल?"

"दगडातच जन्म गेला आमचा," बाई म्हणाली आणि उतरली. एक दगड तिने ढकलत आणला, एक छातीशी कवटाळून. आदळून, लाथ मारून चाकांखाली घट्ट बसवले. मग खिडकीत येऊन म्हणाली, "काढा आता पाय."

"नको, थांबा," ताई म्हणाल्या. पाय त्यांनी काढला नाहीच. पण गाडी दगडांना टेकल्यावर डोक्यातला गोंगाट थोडा खाली बसला आणि त्या पहिल्यांदा दांड्यांकडे बघू शकल्या. मोठी 'डी'वर होती. छोटी? छोटी ना वर होती, ना खाली. मधल्या घरात अडकून बसली होती. तिथेही एक 'एन' लिहिलेला होता. तो 'एन' त्यांनी रोज पाहिला होता आणि कधी वाचला नव्हता.

सगळं काही त्यांना तेव्हा कळलं असं नाही. एवढंच कळलं की मोठ्या दांडीचं म्हणणं या छोटीकडून चाकांपर्यंत जातं, आणि छोटीने मध्येच कान बंद केलेत.

त्यांनी मोठी दांडी 'एन'वर आणली, छोटी ओढली. आत दात खरवडल्याचा आवाज आला. येईना. पुन्हा ओढली. नाहीच. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मग काकांचं आठवलं : मोठी एकदा 'डी'ला नेऊन परत 'एन'ला. तसं केलं आणि छोटीवर सगळं अंग टाकलं. खालून लोखंडी खट् असा आवाज आला आणि दांडी 'फोर-एल'मध्ये बसली.

मोठी दांडी 'पी'वर. हँडब्रेक ओढलेलाच. ताईंनी पाय उचलला, कागद उचलावा तितकाच. गाडी हलली नाही. अजून थोडा. हलली नाही. पाय पूर्ण वर आला तेव्हा तो त्यांचा राहिलाच नव्हता, लाकूड झाला होता.

पण दगड निघाल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि गाडी दगडांवर रेललेली. म्हणजे आधी मागे, चढाकडे घ्यायला हवी होती. पाय ब्रेकवर ठेवून त्यांनी 'आर' टाकला, हँडब्रेक सोडला. आता ब्रेकवरचा पाय उचलायचा होता, आणि उचलवत नव्हता.

"ताई," मागून पहिल्यांदाच मुकादम बोलला. "जाऊ द्या. मला इथेच उतरवा. तुम्ही मराल."

"गप्प पडा," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या मुकादमाला असं कधी बोलल्या नव्हत्या. आणि त्यांनी पाय उचलला.

या वेळी गाडीने ऐकलं. इंजिन गुरगुरलं, चारही चाकांनी मुरूम धरला आणि गाडी हातभर मागे चढली. बाईने बाजूने हात घालून दगड लोटून दिले. एक गडगडत खड्ड्यात गेला आणि बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला. बाई आत येऊन बसली, नवऱ्याचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

ताईंनी गाडी आणखी थोडी मागे घेतली, स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं, मोठी दांडी सगळ्यात खाली, 'एल'वर घेतली आणि पाय ब्रेकवरून काढून शेजारी तरंगत ठेवला. गाडी उतरू लागली. इंजिनच तिला धरून होतं. माणूस चालेल त्याहून हळू, घशातल्या घशात गुरगुरत ती एकेक पाऊल टाकत होती. प्रत्येक हिसक्याला ताईंना वाटायचं, ब्रेक दाबावा, गच्च दाबावा. पण गच्च दाबल्यावर ओल्या मुरमावर काय होतं ते त्यांनी आत्ताच पाहिलं होतं. त्या फक्त टेकवायच्या आणि सोडायच्या. उतार संपला तरी त्यांना तो संपलाय हे कळलं नाही. मुकादमाच्या बायकोने खांद्याला हात लावून सांगितलं, "ताई, सपाटी आली."

हॉस्पिटलात मुकादमाला आत नेलं. ताईंनी तिथल्या डॉक्टरांना नाडी, दाब, कोणती गोळी दिली, सगळं शांतपणे सांगितलं. मग इमारतीच्या मागे जाऊन त्या भडभडून ओकल्या. संध्याकाळी गाडी परत आणायला त्यांनी नवऱ्याला फोन केला. "तुम्ही या," त्या म्हणाल्या, "मी तिला हात लावणार नाही." नवरा ट्रकातून खाणीचे दोन ट्रकवाले घेऊन आला. एकाने गाडी चालवत आणली आणि ताई दुसऱ्याच्या ट्रकात बसून घरी गेल्या.

मुकादम वाचला. पण ताईंनी चावी परत केली. झोपेत त्यांचे पाय काहीतरी दाबत असायचे. नवरा उठून त्यांचे गुडघे धरून बसायचा.

"अहो, 'पी'वर होती," त्या अंधारात पुन्हा पुन्हा म्हणायच्या. "मी डोळ्यांनी बघितलं. 'पी'वर होती."

एका सकाळी नवऱ्याने त्यांना मशीनपाशी बसवलं. "हे बघ. मी बॉबिन भरतो तेव्हा काय करतो? हे चाकाच्या मधलं चक्र सैल करतो. आता पाय मार."

ताईंनी पाय मारला. चाक गरगर फिरलं. सुई जागची हलली नाही.

"पाय चालू, चाक चालू, आणि सुईला पत्ताच नाही. आता हे चाक मी घट्ट धरून ठेवलं, तर सुई अडेल का? नाही अडणार. कारण चाकाचा तिच्याशी संबंधच मी तोडलाय. तुझा 'पी' म्हणजे चाक धरणं. आणि ती छोटी दांडी म्हणजे हे चक्र."

ताईंनी आणखी एकदा पाय मारून पाहिला. मग म्हणाल्या, "मला ते गाडीवर बघायचंय."

रविवारी खाणीच्या वजनकाट्याशेजारच्या अंगणात, जिथे जेमतेम उतार आहे आणि समोर खडीचा ढीग, तिथे त्यांनी गाडी उभी केली. नवऱ्याला दूर उभं केलं. मोठी दांडी 'पी', छोटी मुद्दाम मधल्या घरात, हँडब्रेक सोडलेला. पाय ब्रेकच्या वर. गाडी सरकली. ताईंनी तिला वावभर सरकू दिलं आणि मग ब्रेक दाबला. पुन्हा केलं. मग छोटी दांडी पूर्ण आत घालून केलं. गाडी ठाम उभी. मग छोटी मधल्या घरात, पण हँडब्रेक ओढून. या एवढ्याशा उताराला गाडी उभी राहिली, मात्र हँडब्रेक फारच वर येत होता. तो ढिला होता. सोमवारी त्यांनी गाडी फिटरकडे पाठवली आणि तो आवळून घेतला.

त्या रविवारी ड्रायव्हरकाकाही अंगणात आले होते, कुणाच्या तरी हाताला धरून. सगळं झाल्यावर ते गाडीपाशी आले आणि छोट्या दांडीवर हात फिरवत म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, पोरी. ते मधलं घर गाडी ओढून न्यायची असेल तेव्हासाठी असतं, एवढंच ऐकलं होतं. मी कधी तिथे थांबलोच नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि 'पी'ला खुंटा म्हणालो."

"तुम्ही दात जुळवायला शिकवलं होतं काका," ताई म्हणाल्या. पण काकांचं समाधान झालं नाही. ते मान हलवत राहिले.

मग मुकादमाला घरी सोडायचा दिवस आला. नवा ड्रायव्हर काही मिळाला नव्हता. ताई पुन्हा चावी घेऊन निघाल्या. त्या धीट झाल्या होत्या असं कुणी समजू नये. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. मुकादम पुढच्या सीटवर बसला, अर्धा झालेला, कपडे अंगावर लोंबत असलेले. दाराच्या वरची मूठ त्याने जी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. वस्तीवर पोचल्यावर ताईंनी गाडी उभी केली, पाय ब्रेकवर, मोठी दांडी 'एन', हँडब्रेक ओढला. पाय हलका करून गाडी हँडब्रेकवर टेकते की नाही ते पाहिलं. मग 'पी'. मग छोटी दांडी कुठे आहे ते हाताने चाचपून पाहिलं. मग डोळ्यांनी. मुकादम सगळं बघत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"थांबा," ताई म्हणाल्या आणि उतरून एक दगड चाकाला लावला. "आता उतरा."

त्याला घरात बसवून, गोळ्यांच्या वेळा त्याच्या बायकोकडून दोनदा म्हणवून घेऊन त्या निघाल्या. आता गाडीत त्या एकट्याच होत्या. उताराच्या तोंडाशी थांबल्या. छोटी दांडी पहिल्याच ओढीला खट् करून बसली, तरी त्यांनी मोठी 'आर'ला टाकून गाडी बोटभर मागे घेऊन पाहिली, चाकं ऐकताहेत ना म्हणून. बाभळ डाव्या हाताला होती. हिरवं पाणी खाली होतं. ताईंनी तळहात मांडीवर पुसले, दांडी 'एल'वर घेतली आणि पाय उचलला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चार-पाच माणसं वाट बघत बसली होती. एकाच्या डोळ्यात खडीचा कण गेला होता. ताईंनी हात धुतले. कपाटाला टेकून त्या जराशा उभ्या राहिल्या. मग त्याला टेबलावर झोपवलं आणि दिवा जवळ ओढला.